दुसरी किल्ली

मे महिन्यात आमच्या बैठकीच्या खोलीतल्या पंख्याने मान टाकली. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पंख्याविना एक दुपार काढणंही शक्य नसतं, म्हणून तासाभरात नई सडकेवरच्या दुकानातून नवा आणला. किंमत २,००० रुपये. खाली कराच्या दोन ओळी होत्या: सीजीएसटी ९ टक्के, १८० रुपये, एसजीएसटी ९ टक्के, १८० रुपये. एकाच पंख्यावर एकच कर दोनदा का लिहिता, असं विचारलं, तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, "अंकल, आधा दिल्ली का, आधा भोपाल का."

भारतीय संघराज्यावरचं याहून नेटकं व्याख्यान मी ऐकलेलं नाही. पण प्रश्न तिथे संपला नाही. आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी एमपीपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते. तिने ते बिल पाहिलं आणि विचारलं, "काका, उद्या भोपाळला वाटलं की दिल्लीकडे फार अधिकार झालेत, ते कमी करावेत, तर भोपाळने काय करायचं? घटनादुरुस्ती आणायची?"

तीस वर्षं एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, राज्याच्या पावत्या तपासण्यात गेल्यामुळे मला वाटलं होतं की उत्तर तोंडावर असेल. ते नव्हतं. पुढचे काही दिवस पुस्तकं काढून बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

वाड्यातली वाटणी

जुन्या वाड्यात चार भाऊ वेगवेगळे राहतात तेव्हा वाटणी तीन तऱ्हेची असते. काही गोष्टी थोरल्याकडे: बाहेरचा दरवाजा, नगरपालिकेशी पत्रव्यवहार, कोर्टकचेरी. काही ज्याच्या त्याच्या खोलीतल्या. आणि काही सामाईक: विहीर, चौक, गच्ची. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात हीच वाटणी तीन याद्यांत आहे. संघ सूचीत संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, रेल्वे. राज्य सूचीत पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य, सहकारी संस्था. समवर्ती सूचीत, म्हणजे सामाईक यादीत, शिक्षण, जंगलं, लग्न आणि वारसा. सामाईक विषयात दोघांचे कायदे एकमेकांना भिडले, तर साधारणपणे दिल्लीचा चालतो. आणि तिन्ही याद्यांत जे नाही, ते आपोआप दिल्लीचं.

वाड्यातली भांडणं बहुधा खोल्यांवरून होत नाहीत. वाटणीचा कागद बदलायचा हक्क कुणाला, यावरून होतात. राज्यघटनेतही तसंच आहे. तो हक्क कलम ३६८ मध्ये आहे.

लॉकरची रीत

बँकेतला लॉकर आठवा. त्याला दोन किल्ल्या लागतात. आधी बँकेचा माणूस आपली किल्ली फिरवतो, मग आपण आपली. आपली किल्ली एकटी काहीच उघडत नाही. बँकेचा माणूस जागेवर नसेल तर तिथल्या बाकावर बसून राहायचं, एवढंच हातात असतं.

कलम ३६८ नेमकं असं आहे. घटनादुरुस्तीचं विधेयक फक्त संसदेतच मांडता येतं. ते लोकसभा आणि राज्यसभा दोन्हीकडे वेगवेगळं मंजूर व्हावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी दोन कसोट्या असतात. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. इथवर दिल्लीची किल्ली. बहुतेक दुरुस्त्यांना ही एकच पुरते.

काही मोजक्या बाबतींत मात्र दुसरी किल्ली लागते. म्हणजे निम्म्या राज्यांच्या विधानसभांनी ठराव करून होकार द्यावा लागतो. आज राज्यं २८ आहेत, तेव्हा १४. हा होकार किती दिवसांत द्यायचा, याची मुदत घटनेत नाही. आमच्या पंख्याच्या बिलामागची, जीएसटी आणणारी १०१ वी दुरुस्ती अशीच झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये संसदेने ती मंजूर केली, पहिला होकार आसामने दिला, महिनाअखेरपर्यंत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोघांचेही आले, आणि ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. तमिळनाडूने होकार दिला नाही. तरी दुरुस्ती तिथेही लागू झाली, कारण निम्मे म्हणजे निम्मे.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं कोरडं उत्तर हे: भोपाळला घटनादुरुस्ती आणताच येत नाही. भोपाळच काय, २८ राज्यांनी एका सुरात मागितली तरी संसदेत कुणीतरी विधेयक मांडेपर्यंत काहीही घडत नाही. राज्यांच्या हाती आहे ती दुसरी किल्ली, आणि तीही सगळ्या लॉकरांची नाही.

[चौकट]
दुसरी किल्ली कुठे लागते, कुठे नाही
राष्ट्रपतींच्या निवडणुकीची पद्धत, केंद्र आणि राज्यांच्या कारभाराची व्याप्ती, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, सातव्या परिशिष्टातल्या याद्या, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, जीएसटी परिषद आणि खुद्द कलम ३६८ यांत बदल करायचा तर निम्म्या राज्यांचा होकार हवा. राज्याची सीमा, नाव किंवा अस्तित्व बदलायला (कलम ३) तो लागत नाही. तिथे घटनादुरुस्तीचीही गरज नाही, साधं बहुमत पुरतं. राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ बदलायलाही राज्यांना विचारावं लागत नाही.

एक नोव्हेंबर

या चौकटीतलं कलम ३ ग्वाल्हेरकरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. २८ मे १९४८ रोजी नेहरूंच्या हस्ते मध्य भारत या नव्या राज्याचं उद्घाटन झालं, ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि ग्वाल्हेर हिवाळी राजधानी ठरली. उन्हाळ्यात सरकार इंदूरला जाई, आणि इथल्या मे महिन्याकडे पाहता ते शहाणपणाचंच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत नकाशावरून गेला. त्याच दिवशी जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूरही राजधानी राहिली नाही. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. पुढे नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन मिळालं, आम्हाला महसूल मंडळ आणि एजी ऑफिस. म्हणजे राज्य गेलं आणि राज्याचे हिशेब तपासायचं काम राहिलं. माझी भाकरी त्यावरच चालली, तेव्हा तक्रार करत नाही.

कलम ३ म्हणतं की विधेयक मांडण्याआधी राष्ट्रपतींनी ते संबंधित विधानसभेकडे मतासाठी पाठवावं. मत मागायचं, मानायचं असं नाही. हे पक्कं झालं ते एका मराठी खटल्यात. राज्य पुनर्रचनेच्या विधेयकात आधी महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन तुकडे होते, आणि मुंबई विधानसभेचं मत त्यावर मागितलं होतं. संसदेत चर्चा होता होता तीनाचं एक झालं. बाबुलाल पराते यांनी न्यायालयात विचारलं की या नव्या रूपावर आमच्या विधानसभेचं मत कुठे घेतलं? १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुन्हा विचारण्याची गरज नाही. पुढे जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक चक्क फेटाळलं. त्याच वर्षी २ जूनला तेलंगणा राज्य अस्तित्वात आलं.

एक तृतीयांश मत

दिल्लीची किल्ली एकटी फिरते तेव्हा काय होतं, याचाही धडा आमच्याच गावात गिरवला गेला.

ऑगस्ट १९४७ मध्ये ग्वाल्हेर संस्थानाने सामीलनाम्यावर सही केली तेव्हा दिल्लीला तीनच विषय दिले होते: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. दोन-अडीच वर्षांत ते तीन वाढत वाढत अख्ख्या घटनेएवढे झाले. बदल्यात राजांना तनखा आणि मानमरातब यांची हमी मिळाली, आणि ती घटनेच्या कलम २९१ आणि ३६२ मध्ये लिहिली गेली. हमी घटनेत लिहिली की ती पक्की, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं असणार.

१९७० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने ही कलमं काढण्यासाठी घटनादुरुस्तीचं विधेयक आणलं. लोकसभेत पार पडलं. ५ सप्टेंबरला राज्यसभेत मतदान झालं: बाजूने १४९, विरुद्ध ७५. बेरीज २२४, त्याचे दोन तृतीयांश १४९.३३. एका मताच्या एक तृतीयांशाने विधेयक पडलं! एजी ऑफिसात आम्ही पैशांच्या फरकासाठी फाइल परत पाठवत असू, पण असा फरक कुणी पाहिला नसेल.

दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढून घेण्यात आली. त्याविरुद्ध गेलेल्या खटल्याला नाव पडलं ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं: माधवराव शिंदे विरुद्ध भारत सरकार. वकील नानी पालखीवाला राजांच्या बाजूने उभे राहिले, आणि १५ डिसेंबर १९७० ला अकरा न्यायाधीशांच्या पीठाने तो आदेश बहुमताने रद्द केला. वर्षभराने, निवडणुकीत मोठं बहुमत मिळाल्यावर, २६ व्या दुरुस्तीने दोन्ही कलमं गेली. या सगळ्या प्रवासात एकाही राज्याला विचारावं लागलं नाही, कारण ती कलमं दुसऱ्या किल्लीच्या यादीत नव्हतीच. तनखे बंद झाले याचं मला तिळमात्र दुःख नाही. पण केंद्राने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन केंद्रच एकट्याने सोडवू शकतं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

किल्ली मागायची राहून गेली

उलट बाजूचं उदाहरण मराठी वाचकाच्या जास्त जवळचं आहे, कारण ते पतपेढ्यांचं, दूध संघांचं आणि साखर कारखान्यांचं आहे.

सहकारी संस्था हा राज्य सूचीतला विषय, नोंद क्रमांक ३२. २०११ मध्ये संसदेने ९७ वी दुरुस्ती करून घटनेत सहकाराचा एक नवा भागच घातला. त्यात संचालक २१ पेक्षा जास्त नसावेत, त्यांची मुदत पाच वर्षांची असावी, निवडणुका आणि लेखापरीक्षण वेळेवर व्हावं, असे नियम होते. नियम वाईट नव्हते. ज्याने एखाद्या पतपेढीची वार्षिक सभा जवळून पाहिली आहे, तो तर म्हणेल की ते उशिराच आले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला सहकार कायदा त्याबरहुकूम बदललाही.

पण राज्यांचा होकार घेतलेला नव्हता. केंद्राचं म्हणणं असं की आम्ही राज्य सूचीतला शब्दही हलवलेला नाही. विषय राज्याचाच आहे, आम्ही फक्त तो कसा चालवायचा ते घटनेत लिहिलं. थोरला भाऊ म्हणाला, खोली तुझीच आहे, फक्त खाट कुठे ठेवायची आणि दिवा किती वाजता मालवायचा ते मी ठरवणार. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे मानलं नाही. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की शब्द बदलला नसला तरी राज्याच्या अधिकाराला कात्री लागली आहे, आणि तसं असेल तर निम्म्या राज्यांचा होकार हवाच. राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द झाला. एकाहून अधिक राज्यांत पसरलेल्या संस्थांपुरता तो शिल्लक आहे, कारण त्या मुळातच केंद्राच्या अखत्यारीत.

मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. राज्यांची किल्ली स्वतःहून काही उघडत नसली, तरी तिच्याविना उघडलेला लॉकर पुन्हा बंद करायला लावता येतो.

मसुद्यातली खिडकी

राज्यांना सुरुवात करण्याचा हक्क दिलाच नाही, तो का? शोधताना एक गोष्ट सापडली आणि मी थबकलो. १९४८ च्या मसुद्यात तो होता! आजचं कलम ३६८ मसुद्यात ३०४ होतं. त्याच्या दुसऱ्या भागात म्हटलं होतं की राज्यपाल निवडायची पद्धत आणि विधिमंडळाची सभागृहं किती असावीत, या दोन बाबींत घटनादुरुस्तीचं विधेयक राज्याच्या विधिमंडळातही मांडता येईल; मग संसदेने त्याला संमती द्यायची. खिडकी लहानच, पण भिंतीत होती. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत अंतिम रूप ठरलं तेव्हा ती बुजवली गेली.

कारणं समजण्यासारखी आहेत. फाळणी नुकतीच होऊन गेली होती, पाचशेहून जास्त संस्थानांचे कागद ओले होते, काश्मीर आणि हैदराबाद डोळ्यांसमोर होते. मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी मुद्दा स्पष्ट केला होता की भारताचं संघराज्य घटक राज्यांच्या कराराने जन्मलेलं नाही, म्हणून कुणालाही त्यातून बाहेर पडता येणार नाही. वाटणी भावांनी मिळून केलेली नव्हती. घर आधी, खोल्या नंतर.

बुजवलेल्या खिडकीची एक फट मात्र राहिली, कलम १६९. विधानसभेने दोन तृतीयांश मतांनी ठराव केला, तर विधान परिषद सुरू किंवा बंद करण्याचा कायदा संसद करू शकते. करू शकते, करावाच लागतो असं नाही. आंध्र प्रदेशने २०२० मध्ये परिषद बंद करायचा ठराव केला आणि पश्चिम बंगालने २०२१ मध्ये सुरू करायचा. दोन्ही ठरावांवर संसदेत कायदा झाला नाही. आंध्रने २०२१ मध्येच आपला ठराव मागेही घेतला.

आणखी एक कलम पाहण्यासारखं आहे, २५२. दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव केले, तर राज्य सूचीतल्या विषयावर त्यांच्यासाठी संसद कायदा करू शकते. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आणि जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा याच वाटेने आले. एकदा असा कायदा झाला की तो बदलणं संसदेच्याच हाती राहतं, राज्याच्या नाही. थोडक्यात, विधानसभेच्या ठरावाने अधिकार वर पाठवता येतो. ठरावाने तो खाली आणता येत नाही.

ठरावांच्या फायली

तरीही राज्यांनी प्रयत्न केले. सगळ्यात मेहनतीने तमिळनाडूने. सप्टेंबर १९६९ मध्ये करुणानिधींच्या सरकारने केंद्र-राज्य संबंधांवर पी. व्ही. राजमन्नार यांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची समिती नेमली. १९७१ मध्ये तिचा अहवाल आला: कलम ३५६ काढा, याद्यांची फेरमांडणी करा, याद्यांत नसलेले विषय आपोआप दिल्लीला देऊ नका. एप्रिल १९७४ मध्ये तिथल्या विधानसभेने त्या धर्तीवर ठराव केला. दिल्लीने तो स्वीकारला नाही.

१९७३ मध्ये अकाली दलाचा आनंदपूर साहिब ठराव आला, आणि १९७७ मध्ये पश्चिम बंगालमधल्या ज्योती बसूंच्या सरकारचं निवेदन. दोन्हींचा गाभा एकच होता: केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, दळणवळण असे मोजके विषय ठेवा आणि उरलेले राज्यांना द्या. बंगालने त्यात आर्थिक समन्वय धरला, शिवाय ७५ टक्के महसूल राज्यांना मागितला. यादी पाहून मला हसू आलं. चलनाचा विषय सोडला, तर १९४७ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांनी जेवढं देऊ केलं होतं, जवळपास तेवढंच हे. संस्थानिक आणि कम्युनिस्ट एका पंगतीला बसलेले इतिहासात क्वचित दिसतात.

या दबावातून १९८३ मध्ये सरकारिया आयोग नेमला गेला. त्याने २४७ शिफारशी केल्या. आयोगाचा एकंदर कल असा की घटना बदलण्यापेक्षा आहे ती नीट वापरा. १९९० मध्ये आंतरराज्य परिषद उभी राहिली ती त्यातूनच. पुढे जून २००० मध्ये जम्मू-काश्मीर विधानसभेने स्वायत्ततेचा ठराव केला आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने तो काही दिवसांत फेटाळला. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात यावीत यासाठी एकमताने ठराव केला. ती गावं आजही कर्नाटकात आहेत. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूने पुन्हा एक समिती नेमली, या वेळी न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली. राजमन्नार समितीनंतर ५६ वर्षांनी, त्याच प्रश्नावर.

वारा नेहमी एकाच दिशेने वाहिला असंही नाही. आणीबाणीत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण आणि जंगलांसह पाच विषय राज्य सूचीतून सामाईक यादीत नेले, आणि राज्यात सशस्त्र दलं पाठवून ती आपल्याच हुकमाखाली ठेवण्याचा अधिकारही केंद्राने घेतला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने हा दुसरा अधिकार काढला आणि राष्ट्रपती राजवट वर्षापुढे लांबवण्यावर कडक अटी घातल्या. केंद्राला आवर घालणारी ही खरीखुरी दुरुस्ती. पण ती राज्यांनी आणली नाही, दिल्लीतलं सरकार बदललं म्हणून आली. शिक्षण मात्र सामाईक यादीतच राहिलं.

अमेरिकेतलं न उघडलेलं दार

अमेरिकेत राज्यांना सुरुवात करता येते, असं आपल्याकडे पुष्कळदा सांगितलं जातं. खरं आहे, कागदावर. तिथल्या घटनेच्या पाचव्या कलमानुसार ५० पैकी ३४ राज्यांनी अर्ज केला तर घटनादुरुस्तीसाठी खास परिषद बोलवावीच लागते, आणि तिने सुचवलेलं ३८ राज्यांनी मान्य केलं की झालं. दोनशे वर्षांहून अधिक काळात ही परिषद एकदाही भरलेली नाही. केंद्राने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करू नये, या मागणीसाठी १९८३ पर्यंत ३२ राज्यांचे अर्ज गोळा झाले होते. दोन कमी पडले, आणि मग काहींनी अर्ज मागे घेतले. अडसर भीतीचा आहे: १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जुन्या करारात दुरुस्ती करायला म्हणून मंडळी जमली आणि नवी घटनाच लिहून उठली. पुन्हा तसं झालं तर?

पण न उघडलेल्या दाराचाही धाक असतो. सिनेटर थेट जनतेने निवडावेत, यासाठी राज्यांचे अर्ज साचत गेले तेव्हा तिथल्या काँग्रेसने स्वतःच ती दुरुस्ती मांडली, आणि १९१३ मध्ये ती झाली. परिषद भरून हाताबाहेर जाण्यापेक्षा आपणच दिलेलं बरं, असा हिशेब. आपल्याकडच्या ठरावांना असा धाक नाही, कारण त्यांच्यामागे दारच नाही.

डिसेंबर १९९२

मग केंद्राला लगाम बसला कुठून? बराचसा न्यायालयातून, आणि त्यात मध्य प्रदेशचा वाटा मोठा आहे.

कलम ३५६ नुसार, राज्यात घटनेप्रमाणे कारभार चालत नाही असं राष्ट्रपतींना वाटलं तर राज्य सरकार बरखास्त होऊ शकतं. आजवर हे शंभरहून जास्त वेळा झालं. १९७७ मध्ये जनता पक्षाने नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारं घालवायचं ठरवलं तेव्हा मध्य प्रदेशसह सहा राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि हरली. १९८० मध्ये काँग्रेसने परतफेड केली, तीही नऊच राज्यांत. त्यात महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार गेलं.

१९९२ मध्ये ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पडली. १५ डिसेंबरला मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेशची भाजप सरकारं बरखास्त झाली. मुख्यमंत्री सुंदरलाल पटवा जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल १९९३ मध्ये जिंकले. बरखास्ती बेकायदा ठरली. प्रकरण दिल्लीला गेलं, तिथे कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांच्या खटल्याबरोबर जोडलं गेलं, आणि ११ मार्च १९९४ ला नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला.

निकालाची गंमत अशी की मध्य प्रदेश हरला. न्यायालयाने म्हटलं की धर्मनिरपेक्षता हा घटनेचा पाया आहे, आणि त्याविरुद्ध वागणाऱ्या सरकारची बरखास्ती योग्यच होती. पण त्याच निकालाने कलम ३५६ च्या मुसक्या बांधल्या. बहुमत आहे की नाही हे राजभवनात नाही, विधानसभेत ठरेल. संसदेची मंजुरी येईपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही. बरखास्तीमागची कारणं न्यायालय तपासू शकेल, आणि ती खोटी निघाली तर गेलेलं सरकार परत आणू शकेल. राजमन्नार समितीने जे कलम काढून टाका म्हटलं होतं, ते घटनेतला एक शब्दही न बदलता निम्मं बोथट झालं. याला मी सगळ्यात मोठा बदल म्हणेन. राज्यांना जे ठरावाने जमलं नाही ते एका हरलेल्या खटल्यातून मिळालं.

परत बिलाकडे

पंख्यावरचा कर आता जीएसटी परिषदेत ठरतो. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि कुठल्याही निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं. हिशेब करून पाहा. सगळी राज्यं एक झाली तरी त्यांची बेरीज ६६.६७; पंचाहत्तर होत नाही. म्हणजे केंद्र एकटं अडवू शकतं. पण केंद्रालाही एकट्याने पुढे जाता येत नाही. परिषदेत राज्यं आणि विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश मिळून ३१ आहेत. सगळे हजर असतील तर केंद्राला निदान २० जणांची साथ लागते, तेव्हा १२ जण विरोधात गेले की निर्णय अडला. शिवाय मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिषदेच्या शिफारशी संसदेला आणि विधानसभांना बांधून घालत नाहीत. इथे दोन्ही किल्ल्या एकाच वेळी टेबलावर असतात. आपल्या घटनेत अशी जागा दुसरी मला सापडली नाही.

हे सगळं त्या मुलीला सांगत होतो तोवर ती आपलं घटनेचं पुस्तक चाळत होती. कलम १६८ वर बोट ठेवून म्हणाली, "काका, इथे विधान परिषद असलेल्या राज्यांत मध्य प्रदेशचं नाव छापलंय. आपल्याकडे कुठे आहे परिषद?"

नाही. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ते नाव तिथे घातलं. परिषद कधीपासून, ती तारीख राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने जाहीर व्हायची होती. खाली बारीक टाइपात तळटीप होती, ती तिने मोठ्याने वाचून दाखवली: तारीख अजून ठरलेली नाही.

नवा पंखा डोक्यावर फिरत होता. तिने त्या पानाला खुणेची चिठ्ठी लावली आणि "हा प्रश्न परीक्षेत येणार," असं म्हणत जिना चढून गेली.